रत्नाबाईचं मौन

जांबे, ता. मुळशी
११ ऑगस्ट २०२४

आदरणीय आबा,
सप्रेम जयभीम.

वारलेल्या माणसाचा वास घरात परत येऊ शकतो का? मायक्रोबायॉलॉजीची पदवी घेतलेल्या मुलीने असला प्रश्न विचारायची मला लाज वाटते. पण मला याचं उत्तर देता येत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून विचारण्यासारखी नाही. तुम्ही जन्मभर गावाचं टपाल वाटलंत, तेव्हा पत्रच बरं.

गेल्या रविवारी मी गावी आले होते. आई भाकरी थापत होती. मध्येच थांबली, मान वर केली आणि म्हणाली, "तुजं दादा आलं वाटतं. डिझेलचा वास सुटलाय." दादांना जाऊन दहा वर्षं झाली. त्यांचा टेम्पो विकूनही नऊ झाली. मी दाराबाहेर जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. पण खरं सांगते आबा, परत आत येताना मलाही तो वास आला. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

मी तिला जुलैत दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवलं, ते चुकलं का? माझ्या पहिल्या वर्षाच्या पगारातून तिला काहीतरी द्यायचं होतं. साडी नको म्हणाली, म्हणून शिबिर दिलं. तिथून आल्यापासून ती फार कमी बोलते. कोपऱ्यात डोळे मिटून बसते. "डोकं दुखतं का?" विचारलं, तर म्हणाली, "दुखतंय. बघत बसायचं. येतं आन् जातं." हे वाक्य शिबिरातलं आहे. ऐकून मला आधी अभिमानच वाटला.

तुम्ही दादांचे थोरले भाऊ, त्यांच्यानंतर मला वडिलांच्या जागी, आणि तुमचं दार आमच्या दाराला लागून. तुम्हाला ती कशी दिसते, ते लिहा.

आपली,
धम्मदीपा


मुठा
१६ ऑगस्ट २०२४

चि. धम्मीस,
जयभीम.

पत्र पोचलं. तिकीट तिरकं लावलंस. डाकसेवकाची पुतणी हायेस, जरा नीट लावत जा.

डिझेलचा वास म्हंजे भूत न्हाई. खालच्या अंगाला बंगलेवाल्यांचा जनरेटर चालतुया. लाइट गेली की धूर आपल्या घरात. तुझ्या दादाला कुटं येवढा येळ हाय परत यायला? जिता होता तवा पण महिन्यातनं चार दिस घरी यायचा.

रत्नाचं म्हणशील तर बरं हाय. वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू हाय विहारात, रोज येती. समद्या बायका चुळबुळ करत्यात, ही एकली डोळं मिटून दगडावानी बसती. उजेड नगं म्हणती, म्हणून तिच्या बाजूची टूब मी बंद करतो. भीमाबाई तर परवा तिच्या पाया पडली. म्हणली, "रत्ने, तुला कायतरी गवसलं गं." मी म्हणलं, गवसलं आसंल तर आमालाबी वाटून दे म्हणावं. कुणी हसलं न्हाई.

जेवण जरा कमी हाय. दोनदा उलटी झाली, पन ते पित्त. तू काळजी करू नगंस. नोकरीत लक्ष घाल. आपल्या घरात नावाम्होरं पदवी लावनारी तू पहिली.

गेणबा


जांबे
२५ ऑगस्ट २०२४

आदरणीय आबा,
सप्रेम जयभीम.

जनरेटरचं वाचून मी एकटीच खोलीत हसले. इतकी सोपी गोष्ट मला सुचली नाही. मन हलकं झालं.

एक बातमी. नांद्याचा रत्नदीप, तुम्ही त्याला आपल्या वृषालीच्या लग्नात पाहिलंय, त्याच्या घरचे आठ सप्टेंबरला आपल्याकडे येणार आहेत. आम्ही दोघं वर्षभर बोलतोय. मला तो आवडतो. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "बरं. तुज्या दादाला सांगते." मी म्हटलं, ध्यानात बसणाऱ्या माणसाला काळ वेगळा दिसत असेल. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला हे पटलं नाही.

डोकेदुखीसाठी मी आईला म्हटलं, आमच्या दवाखान्यात ये, ओळखीने लगेच दाखवते, आणि माझी लॅबही बघ. चौदा महिने झाले मला लागून, तिने अजून माझी खुर्चीसुद्धा पाहिली नाही. तर एकदम चिडली. "तितं न्हाई यायचं," म्हणाली आणि फोन ठेवला. इतका मोठा सरकारी दवाखाना, तिला गर्दीची भीती वाटत असेल. तुम्ही समजावा. तुमचं ती ऐकते.

आपली,
धम्मदीपा


मुठा
३ सप्टेंबर २०२४

चि. धम्मी,

आठ तारखेला पावनं बोलवू नगं. कायतरी कारण सांग.

काल रत्नानं दोन ताटं वाढली. म्हणलं कुणाला? तर म्हणली, "ताम्हिणीत दरड पडलीया, म्हणून उशीर झालाय." मग एस्टीच्या थांब्यावर जाऊन भर पावसात बसली. मी आनायला गेलो तर मलाच तुझ्या दादाच्या नावानं हाक मारली. तिचं तोंड माझ्याकडं हुतं, पन दोन डोळं दोन दिशेला. पोरी, मी मढी लई बघितली, पन जित्या माणसाची अशी नजर बघितली न्हाई.

पलीकडच्या आळीची शारदा म्हणली देवरुशाला दाखवा. मी तिला म्हणलं, आमी बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, तुझा देवरुशी तुझ्यापाशी ठेव. ती म्हणली, "मग ठेवा हिला पुजून!" आता भीमाबाई बी पाया पडत न्हाई, लांबनं जाती.

मी दवाखान्याचं काढलं तर उंबऱ्याला गच धरून बसली. "तितं न्हाई भावजी, दुसरीकडं कुटंबी न्या." दोन्ही हातानं डोकं दाबून धरलं हुतं.

██████ ██████████ ████
████ ███████

वरचं खोडलंय ते कायतरी भलतंच लिवलं हुतं. वाचू नगं. आपल्या आळीतल्या प्रदीपला म्हणून ठेवलंय, जीप तयार ठेव.

गेणबा


जांबे
१४ सप्टेंबर २०२४

आदरणीय आबा,

नांद्याच्या पाहुण्यांना मी नंतर या म्हणून कळवलं होतं. नऊ तारखेला तुम्ही आणि प्रदीपदादांनी आईला बेशुद्ध आणलंत, तेव्हा बोलायला वेळ झाला नाही. तुम्ही दोन दिवस बाकावर बसून होतात. मी तीनदा विचारलं, "आबा, काही सांगायचंय का?" तुम्ही कानाला हात लावून "ऐकू येत न्हाई" म्हणालात. कदाचित खरंच आलं नसेल. म्हणून लिहिते.

तिच्या पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढलं. डोक्यात दाब इतका होता की डॉक्टर म्हणाले, ही बाई इतके दिवस ओरडली कशी नाही? तिला न ओरडण्याच्या शिबिराला मीच पाठवलं होतं. ते पाणी आमच्याच लॅबला आलं. हेमलता मॅडमनी ट्यूब माझ्या हातातून काढून घेतली, "तू बाहेर बस." त्या फोनवर गेल्या तेव्हा मी बघितलं.

अशा पाण्यात काळ्या शाईचा थेंब टाकतात. सगळं काळं होतं आणि जंतू असेल तर तेवढाच शाईला जवळ येऊ देत नाही. काळोखात पांढऱ्या कड्या दिसतात. मी याआधी चार-पाच वेळा पाहिल्या होत्या आणि दर वेळी मला त्या सुंदर वाटल्या होत्या, हे तुम्हालाच सांगते. त्या दिवशी काचेवर जिकडे नजर न्यावी तिकडे त्याच. मोजता येईनात. आई जे दोन महिने डोळे मिटून बघत बसली होती, ते हे होतं.

ही बुरशी आहे, आबा. कबुतरांच्या विष्ठेत, मातीत असते. तुमच्या-माझ्या श्वासातूनही जाते, पण आपलं शरीर तिला थोपवतं. ज्याचं शरीर थोपवू शकत नाही, त्याच्या मेंदूपर्यंत ती पोचते. असं कोणाचं होतं, ते मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. तरी डॉक्टरांनी दार लावून विचारलं, "आईला आधी काही आजार? कसल्या गोळ्या चालू होत्या?" तेव्हा मी ठामपणे म्हणाले, काहीच नाही. मग त्यांनी दुसऱ्या एका तपासणीचा कागद पुढे केला. मी सही केली. निकाल काय आला, ते तुम्हाला माहीत आहे असं मला वाटतं.

औषध चालू आहे. दोनदा पाणी काढल्यावर तिने डोळे उघडले. माझ्याकडे, माझ्या पांढऱ्या कोटाकडे बघून पहिलं वाक्य बोलली, "तू हितं थांबू नगं. जा." मला वाटलं, अजून भ्रमात आहे.

तुमच्या खोडलेल्या दोन ओळी मी दिव्यासमोर धरून पाहिल्या. शाई फार दाट आहे. आता न खोडता लिहा.

धम्मदीपा


मुठा
२० सप्टेंबर २०२४

चि. धम्मी,

मला ऐकू आलं हुतं. तिन्ही बारी.

तोंडानं सांगता आलं न्हाई, म्हणून लिवतो. तुझा दादा काविळीनं गेला न्हाई. कागदावर एचआयव्ही लिवलेलं मी वाचलं आन् मीच गावात कावीळ सांगितली. तवा रत्नाची तपासणी झाली, ती बी तशीच निगाली. तुझीबी केली. तू तेरा वर्साची. तुला रक्त कमी हाय म्हणून न्हेलं हुतं, आठवत आसंल. तू चांगली निगालीस. त्या दिशी तुझी आय दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं हसली. मला वाटलं येडी झाली.

मग नऊ वर्सं गोळ्या. दर महिन्याला पेन्शनच्या कामाला म्हणून आमी दोघं पुण्याला जायचो. तुझ्याच दवाखान्यात. गाव काय काय बोललं, रांडमुंड भावजय आन् थोरला दीर महिन्याला कुटं जात्यात. रत्ना म्हणली, "बोलू द्या भावजी. हे बोलनं परवडलं, ते न्हाई परवडनार." मी बी बोलू दिलं.

गेल्या साली जूनला तुझी नोकरी लागली. पेढं वाटून आली आन् माझ्या ओट्यावर बसली. म्हणली, "आता तितं जायचं न्हाई. पोरगी त्याच दारातनं जाती-येती. मला त्या रांगेत बघितलं, तर तिच्या सायबाला कळंल ही कुणाची लेक. आत्ता कुटं खुर्ची मिळालीया तिला." मी म्हणलं दुसऱ्या दवाखान्यात नाव घालू. चार दिसांनी म्हणली, घातलं. दर महिन्याला एकली जायची आन् गोळ्यांची डबी वर धरून दाखवायची. हालवून दाखवायची. माझा भयरा कान, मी लांबनं मान डोलवायचो.

परवा घरी आल्यावर डबी उघडली. आत चिंचोकं हायेत.

जन्मभर दुसऱ्याची पाकिटं न फोडता पोचवली म्हणून पोस्टानं मला शाल दिली. हे एक पाकीट मात्र दहा वर्सं खिशातच राह्यलं.

कुणाला बोलू नगं. नांद्याच्या लोकास्नी तर न्हाईच.

गेणबा


मुठा
८ ऑक्टोबर २०२४

चि. धम्मी,

अठरा दिस पत्र न्हाई. पोस्टात जाऊन बघून येतो. नवीन पोरगा हसतुया मला.

प्रदीप परवा भेटून आला, म्हणला रत्नाला घरी सोडलं, ती तुझ्या खोलीवर हाय, उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई. आन् म्हणला की तू राजीनामा लिवलाय. हे करू नगं. एक इलाज सांगतो. गोळ्या परत चालू करायच्या तर साताऱ्याला माझ्या मेव्हण्याकडं दोघींना ठिवू. तितं आपल्याला कोन वळखतंय? नाव बदलून घालता येतं का बघू. मी जातो तिच्याबरोबर, जीव हाय तवर जातो.

शिव्या घालायच्या आसतील तर त्याच घाल, पन लिव.

गेणबा


जांबे
२६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय आबा,
सप्रेम जयभीम.

शिव्या लिहिल्या होत्या. तीन कागद. पोस्टात टाकले नाहीत. तुमच्यावर चिडणं सोपं होतं, कारण मग चौदा महिन्यांचं गणित करावं लागत नव्हतं. ज्या दिवशी मी हजेरीपटावर पहिली सही केली, त्या दिवसापासून तिने गोळ्या बंद केल्या. मी रोज हौसेने इस्त्री केलेला कोट घालत होते आणि त्याच वेळी, आपल्या घरात... पुढचं वाक्य मला अजून पूर्ण करता येत नाही. लॅबमध्ये काळी शाई उघडली की हात थांबतो. दुसऱ्याचं पाणी असतं, तरी मला वाटतं त्या कड्यांमधून कोणीतरी आपल्याकडे बघतंय.

डॉक्टर म्हणाले होते, मेंदूतली बुरशी आटोक्यात आल्यावर पाच-सहा आठवड्यांनी जुन्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या, आधी नाही. आणि या वेळी सोडल्या तर वाचण्याची आशा धरू नका. ते आठवडे आई माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपून होती. गोळ्यांचं नाव काढलं की एकच. "तू तितं हायेस तवर मी त्या रांगेत न्हाई."

म्हणून मी राजीनामा लिहिला. तिला वाचून दाखवला. वाटलं, वाट मोकळी झाली, आता येईल. ती उठून बसली. किती तरी दिवसांनी नीट माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग मी गोळ्या कशापायी सोडल्या गं? येवढं सोसलं ते फुकट घालवतीस व्हय?"

मी तो कागद फाडला, आबा. तिच्यासमोर. साताऱ्याचंही मग मला सांगावंसं वाटलं नाही. नाव बदललं तर ती गोळी रत्नाबाईच्या पोटात जाईल, पण रत्नाबाई परत कुठल्या तरी थांब्यावर एकटी बसेल.

दोन दिवस गेले. मग तिला विचारलं, "मी तुझ्या शेजारी रांगेत बसू का? कोट घालून?"

"लोकं बघतील."

"बघतील."

"तुजं सायब बघतील."

"तेही बघतील. तू नको म्हणालीस तर नाही बसणार. हे तू ठरवायचं."

तिने विचार करायला पूर्ण दुपार घेतली. भांडी घासली, माझ्या मैत्रिणीचीही घासली. मग म्हणाली, "बस. पन डाव्या अंगाला बस. उजवीकडचं मला दिसत न्हाई."

काल, शुक्रवारी, आम्ही गेलो. टोकन एकतीस. नऊ ते साडेबारा बाकावर. तिने पदर डोळ्यांवर ओढला होता आणि माझ्या कोटाची बाही मुठीत धरली होती, इतकी घट्ट की शिवण उसवली. माझ्या छातीवर नावाची पट्टी. पहिला अमोघ आला. हा माझ्याच टेबलावर काम करतो.

"काय गं, सँपल न्यायला आलीस?"

"नाही. आईसोबत आलेय. नंबर आहे आमचा."

त्याने दारावरची पाटी वाचली. परत माझ्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "चहा आणू?"

आई पदराआडून म्हणाली, "साखर कमी घाला म्हणावं."

सगळेच अमोघसारखे नव्हते. दोघी जणी बोलता बोलता थांबल्या आणि दुसऱ्या जिन्याने गेल्या. त्यातल्या एकीबरोबर मी रोज डबा खाते. सोमवारी काय होईल ते माहीत नाही. रत्नदीपचे तीन फोन येऊन गेले. त्याला सांगायचं का, हे आईवर सोडलंय. ती म्हणते, "सांगायचं तर मीच सांगीन. तू मध्ये बोलू नगं."

एकतीस नंबर पुकारला. आतल्या ताईंनी जुनी फाइल शोधून काढली. आईचं नाव, गाव, आणि शेवटची तारीख मे २०२३. सोबत येणाऱ्याच्या रकान्यात दहा वर्षांपूर्वीचं तुमचं अक्षर होतं. गेणबा, नातं दीर. ताईंनी विचारलं, "हेच ठेवू का?" मी म्हटलं, राहू द्या, आणि पेन मागून घेतलं. त्याखाली माझं नाव लिहिलं. नातं, मुलगी. संपर्काच्या जागी लॅबचा फोन नंबर दिला.

आपली,
धम्मदीपा